कै. गांडुळाचा फ्लेक्स

पाचट तुम्हीच पेटवता. हो, तुम्हीच. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही हात वर करून म्हणणार, "आमी न्हाई बा, शेजारनं आलं!" शेजाऱ्याला विचारावं तर त्याच्याकडेही ते शेजारूनच आलेलं असतं. अशी ही आग गावाच्या एका टोकाला निघते, दुसऱ्या टोकाला पोचते, आणि सुरू मात्र कुणाच्याच रानातून होत नाही!

ज्यांनी ऊस फक्त रसाच्या ग्लासात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात वाळक्या पानांचा गुडघाभर थर उरतो. तेच पाचट. कुजवलं तर जमिनीला खत, पेटवलं तर दहा मिनिटांत रान मोकळं. आमच्याकडे लोकांना ती दहा मिनिटं फार आवडतात.

मी एमएस्सी, पर्यावरणशास्त्र. इस्लामपुरात फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर. ही दोन वाक्यं जोडून सांगितली की लोक हसतात, म्हणून मी ती हल्ली जोडूनच सांगते. निदान एकदाच हसतात.

फ्लेक्सच्या दुकानात किस्से कात्रणांसारखे साठतात. कोपऱ्यात ढीग होतो, टाकवत कुणाला नाही. त्यातले बरेचसे एका बोर्डापायी मी स्वतःच तयार केलेत.

*

बोर्ड का, ते आधी सांगते.

कॉलेजात आम्ही पाच जणांनी ग्रुप काढला होता. गावोगाव जायचं, पाचट जाळू नका म्हणून सांगायचं. पाचातल्या दोघी पुण्याला नोकरीला गेल्या. तिसरी लग्न होऊन उंब्रजला. चौथा, अमोल, इथंच राहिला, पण एका भाऊंचा कार्यकर्ता झाला. म्हणजे ग्रुप अजून आहे. मी अॅडमिन आहे. शेवटचे सतरा मेसेजही माझेच आहेत.

एकटीनं गावात बोलायला गेले की पहिल्याच ओट्यावर उत्तर मिळायचं, "आदी मेजरला सांग!"

मेजर म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे प्रत्येक फौजी मेजरच असतो. आमचा दोन एकर ऊस आहे आणि पप्पा दरवर्षी पाचट पेटवतात. घरात आम्ही दोघंच. आईला जाऊन चार वर्षं झाली.

या वर्षी मला एक तरी रान न जळालेलं बघायचं होतं. एकच. आमचं.

जेवताना मी म्हणाले, "पप्पा, यंदा नको पेटवायला."

पप्पा टीव्हीकडे बघत म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. आईला तो शब्द नीट कळायचा. ती असती तर तिनं त्याचं 'हो' केलं असतं. मला ते जमत नाही. मी बोर्ड करायचं ठरवलं. गावच्या फाट्यावर, हायवेला. पप्पा रोज दूध घालायला तिथूनच जातात.

*

आमच्या दुकानाचे मालक आण्णा. शिक्षण दहावी, पण त्यांची एक टेस्ट आहे, ती कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. नवीन डिझाइनचं प्रिंट समोरच्या शटरवर लटकवायचं आणि आण्णांनी मोटारसायकलवरून त्याच्या समोरून जायचं. जेवढं वाचून झालं तेवढाच बोर्ड. बाकीची शाई फुकट.

माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये अकरा ओळी होत्या. सूक्ष्म जीव, सेंद्रिय कर्ब, ओलावा, धूर, सगळं. एक शब्द कमी करायला मी तयार नव्हते. खरं आहे ते पूर्ण सांगायला नको?

आण्णा गेले, चौकातून वळून आले.

"काय वाचलं?" मी अधीर होऊन विचारलं.

"सूक्ष्म."

"आणि?"

"आन् मग गतिरोधक आला!"

गाडी स्टँडवर लावता लावता पुढं म्हणाले, "स्नेहल, ह्यो बोर्ड हाय का सातबारा?"

*

दुसरं डिझाइन मी रागातच केलं. अक्षरं नकोत ना? ठीक! बोर्डभर नुसत्या ज्वाळा. खाली एकच ओळ, "आपण काय भाजतोय?" आणि माझा मोबाइल नंबर.

बोर्ड फाट्यावर चढला. दुपारपर्यंत फोन सुरू! मी हरखून गेले. लोक विचारायला लागले, याचा अर्थ बोर्ड बोलायला लागला!

पहिला फोन, "ताई, तंदूरच हाय का रस्सा बी मिळतोय?"

दुसरा, "फॅमिलीला येगळी बसायची सोय हाय का?"

तिसऱ्या माणसाला मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, काका, हा धाबा नाही, ऐका. मग पाचट, जमीन, गांडुळं, धूर, सगळं सांगितलं. दहा मिनिटं. ते मधे एकदाही बोलले नाहीत, फक्त "हां, हां" करत राहिले. इतकं नीट माझं कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "पटलं बगा. मग चालू कवा हुतंय?"

*

सहाव्या दिवशी त्या बोर्डावर दुसरा बोर्ड चढला. भाऊंचा वाढदिवस.

यात तक्रार करायची सोय नव्हती, कारण तो बोर्ड मीच डिझाइन केला होता. मधे भाऊ फोन कानाला लावून, खाली शुभेच्छुकांचे बेचाळीस गोल फोटो. कुठल्या फ्रेमवर जाणार ते डिझायनरला सांगत नाहीत. मी आपली मान खाली घालून एकेकाचं डोकं मागच्या भिंतीपासून कापत होते.

तिसऱ्या रांगेत अमोल होता. आमच्या ग्रुपमधला चौथा. गॉगल लावून.

त्याचा गॉगल कापायला अवघड होता, काचेत मागचं झाड दिसत होतं. मी वीस मिनिटं घालवून ते झाड काढलं. छान दिसत होता. मी ग्रुपवर लिहिलं, "अमोल, फोटो मस्त आलाय." त्यानं लगेच अंगठा पाठवला. महिन्याभरात ग्रुपवर माझ्याशिवाय कुणी काही पाठवण्याची ती पहिलीच वेळ!

*

फ्रेमवर फ्लेक्स चढवायचं काम बाळूतात्यांचं. मी त्यांच्यावरच चिडले.

"तात्या, माझा सहा दिवसांत झाकला! मग बोर्ड टिकतो तरी कुणाचा?"

तात्या खिळ्यांचा डबा बंद करत म्हणाले, "मयताचा. उत्तरकार्य हुईस्तवर त्याच्यावर कुणी चढवत न्हाई. आमदाराचा वाढदिवस आसूंदे, बारा दिस थांबावंच लागतंय."

आण्णा आतून ओरडले, "आन् तुज्या बोर्डावर फोटू न्हाई गं! आपला माणूस बोर्ड वाचत न्हाई, आदी फोटू वळखतो. मंग खाली काय लिवलंय बगतो."

"माझा लावू का मग? एकटीचा?"

आण्णांनी मान हलवली. "एकटीचा नगं. एकट्याचा फोटू मयताच्याच बोर्डावर आसतोय."

मी मनातल्या मनात माझ्या शेजारी कोणाकोणाचे फोटो लावता येतील ते मोजलं. मोजायला फार वेळ लागला नाही.

मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला!

*

"भावपूर्ण श्रद्धांजली. कै. गांडूळ. आयुष्यभर शेतकऱ्याच्या रानात राबले. पाचटाच्या आगीत दुःखद निधन."

रफिकभाई आमचे मशीन ऑपरेटर. हजारो मयतांचे बोर्ड त्यांच्या हातून छापून झालेत. त्यांनी फाइल उघडली, लंबगोलात गांडुळाचा फोटो बसवला आणि थांबले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, तोंड कुठलं आन् शेपूट कुठलं? हार कुठून घालू?"

मी एमएस्सी. मला सांगता आलं नाही. शेवटी दोन्हीकडून घातला.

खाली 'शोकाकुल' लिहून नावं टाकायची होती. मी ग्रुपवर विचारलं, "तुमची नावं घालू?" पुण्याच्या एकीनं हात जोडले. दुसरीनं अंगठा. अमोलनं लिहिलं, "भाऊंना विचारून सांगतो." उंब्रजच्या मैत्रिणीचा घाबरून फोन आला, "कोण गेलं गं?" मी सांगितलं. ती हसली, आणि मग म्हणाली, "सासरचं आडनाव आहे आता माझं, स्नेहल. इथल्यांना विचारावं लागेल." मी म्हटलं, राहू दे.

"एकच नाव?" रफिकभाई म्हणाले. "निदान 'आणि परिवार' तरी लिहू?"

परिवार म्हणजे पप्पा. त्यांना विचारलं नव्हतं. "नको," मी म्हणाले.

रफिकभाईंनी माझ्या नावाची अक्षरं मोठी केली. रिकामी जागा भरायला.

*

या बोर्डाला आणखी एक भानगड चिकटली. एका निवृत्त गुरुजींनी मला विचारलं होतं, "पोरी, प्रदूषणाचा बोर्ड आन् प्लास्टिकवर?" म्हणून मी हट्टानं एका परत आलेल्या फ्लेक्सच्या पाठीवर छापायला लावलं. त्यावर एका लग्नाचं स्वागत होतं, तारीख चुकल्यामुळे पाव्हण्यांनी परत केलेलं. नवीन प्लास्टिक तेवढंच वाचलं.

भाऊंचा वाढदिवस उरकल्यावर बोर्ड फाट्यावरच्या त्याच फ्रेमवर चढला. ती पूर्वेला पाठ करून आहे. सकाळी ऊन मागून आलं की गांडुळाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी उगवायचे! हात जोडून!

दहा वाजले की ते मावळायचे आणि गांडूळ पुन्हा एकटं राहायचं.

*

पण बोर्ड वाचला गेला! पहिल्यांदा! मोटारसायकली थांबायला लागल्या. एक आजोबा एसटीतून उतरले, टोपी काढून उभे राहिले, वाचलं, आणि टोपी घालताना इकडेतिकडे बघून घेतलं. कुणीतरी खरा हार आणून घातला. दोघांनी फोन करून रक्षाविसर्जन कधी, ते विचारलं. सरपंचांचाही फोन आला, "गावच्या तोंडाला हे काय अभद्र लावलंयस?" मी म्हटलं, "उत्तरकार्य होईपर्यंत काढता येत नाही, सरपंच. रीत आहे." त्यांनी फोन ठेवला. रीत म्हटल्यावर कोण काय बोलणार!

पारावर मात्र पप्पांना धरलं. "मेजर, घरात मयत झालं आन् गावाला सांगितलं बी न्हाई? आन् पोर एकलीच शोकाकुल? तुमी न्हाई व्हय?"

हे मला बाळूतात्यांनी सांगितलं. आणि मग शिडी खांद्यावर घेताघेता, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "ह्याच फ्रेमवर वैनींचा बी लावला हुता मी. तुझ्या आईचा."

मला आठवत नव्हतं. म्हणजे, मला माहीतच नव्हतं. आई गेली तेव्हा बारा दिवस मी घराबाहेरच पडले नव्हते. पप्पा मात्र तेव्हाही रोज दूध घालायला जात होते.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर पप्पा म्हणाले, "दुसरी फ्रेम नव्हती का?"

मला माफी मागायची होती. मी म्हणाले, "पप्पा, हायवेला तीच सगळ्यात चांगली दिसते."

त्यानंतर पप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घरात हे लगेच लक्षात येत नाही. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

*

त्या चार दिवसांत माझ्याशी नीट बोललेला माणूस म्हणजे मायाप्पा. जत तालुक्यातला मेंढपाळ. तिकडं पाणी आटलं की दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरतो. आमच्या रानाच्या पलीकडं पडीक तुकडा आहे, तिथं त्याचा तळ असतो.

मी फाट्यावर बोर्डाखाली बसले होते. एसटीला वेळ होता. तो मेंढरं घेऊन चालला होता, थांबला.

"ताई, मला वाचाय येत न्हाई. कोन गेलं?"

"गांडूळ."

तो हसेल म्हणून मी वाट बघितली. तो हसला नाही. "कशानं?"

मी सांगितलं. या वेळी दोनच वाक्यांत. एवढ्या दिवसांत तेवढं शिकले होते.

तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला. "आमच्याकडं गांडूळ दिसाय पाऊस लागतोय," तो म्हणाला. "तुमच्याकडं बारमाही हाय. बारमाही असलं की मानूस मोजत न्हाई."

मग त्यानं खालच्या मोठ्या अक्षरांकडे काठी केली. "आन् हे?"

"ते माझं नाव."

"एवडंच?"

"एवढंच."

"बरं," तो म्हणाला, आणि मेंढरांना आवाज देऊन निघून गेला.

*

आता शेवटचं.

आमचा ऊस तुटून चार दिवस झाले होते. पाचट खडखडीत वाळलं होतं. शेजारच्यांचाही ऊस त्याच आठवड्यात गेला होता. आणि बोर्डाला बारावा दिवस होता. संध्याकाळी तात्या येऊन फ्रेम मोकळी करणार, एका क्लासची जाहिरात वाट बघत होती. शनिवार होता. आण्णांनी लवकर सोडलं. साडेतीनला मी फाट्यावर उतरले.

उतरल्या उतरल्या धूर दिसला. आमच्या रानाच्या बाजूला. काळा, सरळ वर गेलेला.

मी बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. चालत सुटले, मग पळत. वाटेत वाक्यं तयार केली. पहिलं वाक्य "आई असती तर" पासून सुरू होत होतं. ते लागणार हे मला माहीत होतं, म्हणूनच ते पहिलं ठेवलं होतं.

रानाजवळ पोचले तेव्हा वरून काळी पानं पडत होती. शेजारचं रान संपलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं, मधे मधे अजून धुमसत होतं.

आणि बांधाच्या अलीकडे आमचं रान. पिवळं. सगळं तसंच. बांधालगतचं पाचट दहा-बारा हात आत ओढून घेतलेलं, मोकळी झालेली माती ओलीचिंब.

पप्पा बांधावर बसले होते. पाठीला फवारणीचा पंप, त्यात नुसतं पाणी. मिशांवर राख. दोन्ही तळहात दाताळ्यानं पाचट ओढून सोललेले.

माझी वाक्यं सगळी जागच्या जागी राहिली. मी एवढंच विचारलं, "कुणी पेटवलं?"

"शेजारनं आलं," पप्पा म्हणाले.

मग पंपाचा पट्टा सारखा करत, माझ्याकडे न बघता, "जा. चहा ठेव. हे इजलं की येतो."

पडीक तुकड्याच्या कडेनं परत निघाले. तिथं मायाप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मेंढरं धुराला बुजून एकमेकांना चिकटली होती.

"सकाळधरनं बसल्यात," तो म्हणाला. "भाकर बी हितंच खाल्ली. मी म्हनलं, मेजर, तुमी जावा घरला, मी हाय की राखनीला. तर म्हनले, 'तू मेंढरं राख. मी गांडुळं राखतो.'"